मागचं दार

जुनी गाडी बघायला जाताना पातळ तळव्यांच्या चपला घालायच्या, ही बाबांची शिकवण. जाड तळव्यातून क्लच कळत नाही, म्हणायचे. बाबा गेले, गॅरेज मोडलं, त्यालाही जमाना झाला. पण थोरलीने त्या सकाळी माळ्यावरच्या खोक्यातून झिजलेल्या चपला शोधून काढल्याच.

"त्या बघून यार्डवाला आपल्यालाच भंगारात घेईल," धाकटी म्हणाली.

"तुला घेणार नाही. तुझे सुटे भाग मिळत नाहीत."

दोघी हसल्या, पण थोरलीचं हसू लवकर विझलं. आतल्या खोलीत मास्तर खोकत होते.

मास्तर म्हणजे थोरलीचे यजमान. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे सगळी वसाहत त्यांना मास्तर म्हणायची, आणि मनातल्या मनात थोरलीसुद्धा. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. एक दिवसाआड डायलिसिस. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, वसाहत टेकडीवर. आजवर दवाखान्याचीच व्हॅन न्यायला यायची, ती अचानक बंद झाली. टॅक्सीवाले टेकडी म्हटलं की फोन ठेवत. एकदा टॅक्सी आलीच नाही आणि डायलिसिस चुकलं. त्या पहाटे मास्तर खिडकीचे गज धरून पलंगावर बसून राहिले. छातीत घरघर. कोरड्या खोलीत बसलेला माणूस तिच्या डोळ्यांदेखत बुडत होता.

"यापुढे एकही चुकवायचं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

म्हणून गाडी. धाकटीला चालवता येत नव्हती, शिवाय चार दिवसांनी तिला तिच्या गावी परतायचं होतं. थोरलीचा हात मात्र बाबांनी गॅरेजमागच्या मैदानात बसवलेला होता. सुटला होता, विसरला नव्हता.

आधी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेल्या. काचेसारखी फरशी, टाय लावलेला विक्रेता.

"मॅडम, रंग कोणता बघायचा?"

"जो उद्या मिळेल तो."

तो हसला. मग ती थट्टा करत नाही हे बघून ओशाळला. छोट्या गाड्यांना म्हणे फार मागणी, दोन महिने तरी थांबावं लागेल. धाकटीने तरीही हट्टाने नंबर लावून ठेवला. "असू दे गं. दोन महिने काय, बघता बघता जातात."

दोन महिने कोणाचे कसे जातात, ते थोरली बघत होती.

यार्ड शहराबाहेर होतं. पत्र्याच्या शेडखाली गाड्या दाटीने उभ्या होत्या. ऊन असं की बॉनेटवर हात ठेववेना. यार्डवाल्याने तिच्या बजेटातल्या तीन दाखवल्या. लाल गाडी झकास दिसत होती. थोरलीने पायाखालची चटई उचलून बोटं दाबली, हुंगली. ओल होती.

"ही पाण्यात बुडून आलीय."

"नाही हो ताई, धुतलीय फक्त."

"मग आतून धुतलीत."

पांढरी मीटरवर अगदी कोवळी होती, पण पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं. ती टॅक्सी म्हणून धावली होती हे सांगायला मीटरची गरज नव्हती. यार्डवाला आता तिच्या चपलांकडे वेगळ्या नजरेने बघू लागला.

तिसरी राखाडी. छोटीशी, चार दारांची, कुठे पोचा नाही. पेडल चांगले, डिकी कोरडी, स्टेपनी एकदाही न वापरलेली. इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं.

"बाईमाणसाची होती," यार्डवाला म्हणाला. "घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बाकी कुठे नाही."

आता एकच गोष्ट राहिली होती. बाबा कुठलीही जुनी गाडी घेताना शेवटी मागच्या सीटवर जाऊन बसत. दार लावून घेत, डोळे मिटून थोडा वेळ नुसते बसत, मग आतून दार उघडून बाहेर येत. गिऱ्हाइकं हसायची. बाबा म्हणायचे, "पुढे सगळेच बसून बघतात. मागे बसणाऱ्याला कोणी विचारत नाही. मी त्याला विचारून घेतो." हे केल्याशिवाय त्यांनी एकही गाडी घेतली नाही. आणि एक अशीच, बसल्या बसल्या उतरून, परत पाठवली होती. का, ते कधी सांगितलं नाही.

थोरलीने मागच्या दाराच्या मुठीला हात घातला, आणि फोन वाजला. शेजारीण.

"मास्तरांना धाप लागलीय. उशीला टेकवतच नाहीत. तू निघ लगेच."

हात सुटला. सह्या कुठे केल्या, किल्ली कोणी दिली, नंतर तिला आठवेना. मागे बसायचं राहिलं.

त्या दुपारी राखाडी गाडीने मास्तरांना वेळेत पोचवलं. एवढं एक तिने पुढे कधी नाकारलं नाही.

मास्तर मागच्या सीटवर आडवे झाले होते. दवाखान्याच्या दारात ते उतरेनात. काचेवर टकटक करत होते.

"अगं, उघडत नाही."

चाइल्ड लॉक. दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो खाली केला की मूल आतून दार उघडू शकत नाही. थोरलीने किल्लीच्या टोकाने तो वर केला. दुसऱ्या बाजूचाही. पहिल्या मालकिणीच्या घरी लहान मूल असेल, एवढंच मनात आलं.

एक दिवसाआड खटका पुन्हा खाली असायचा.

फोरमनने उघडून बघितला. बाबांच्या हाताखाली तयार झालेला जुना माणूस. "ताई, याच्यात काही बिघाड नाही. हा आपण होऊन पडत नाही. कोणीतरी पाडायला लागतो."

मग सीट. थोरली उंच होती, ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवून बसायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर सीट पुढे आलेली, गुडघे स्टीअरिंगला लागायचे. आरसाही तसाच. ती तो मागच्या काचेवर नेमका बसवायची. सकाळी तो खाली झुकलेला असायचा. त्यात रस्ता दिसत नसे. फक्त मागची सीट दिसे.

धाकटी निघायच्या आदल्या दिवशी गाडीत बसली आणि पटकन उतरली.

"मघाशी कोणी बसलं होतं का गं इथे?"

"का?"

"ऊब आहे सीटला. उन्हाची नाही. माणसाची."

"तुझं डोकं गरम आहे."

"थट्टा राहू दे, ताई. आणि तो डावा खांदा का चोळतेस सारखा? भाऊजींच्या तपासण्या झाल्या, कधीतरी स्वतःलाही दाखव."

"वेळ मिळू दे."

वेळ कुठला? पहाटे उठायचं, त्यांचं मोजून मापून पाणी द्यायचं, जिन्यावरून धरून उतरवायचं, टेकडी, बाजाराची कोंडी, पूल, मग मास्तर आत असताना दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून राहायचं, आणि पुन्हा तोच रस्ता उलटा. एकदा पुलावर गाड्या खोळंबल्या असताना तिने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. मागे मास्तर डोळे मिटून पडलेले.

"कोणीतरी चालवा रे आता," ती स्वतःशीच पुटपुटली. "मी दमले."

कोंडी सुटली. स्टीअरिंग हातात लोण्यासारखं वळलं. ब्रेक तिने दाबला की आधीच दबला होता, ते तिला सांगता आलं नसतं.

आणि मास्तर सुधारू लागले. पायांची सूज उतरली. भूक लागायला लागली. आकडे बघून डॉक्टरांनी चष्मा वर केला. "काय बदललंत?"

"काही नाही. गाडी घेतली," थोरली म्हणाली.

एका दुपारी घरी परतताना मास्तर मागून म्हणाले, "तुझा आवाज फार गोड लागतो हं गाडीत."

"माझा?"

"सारखं म्हणत असतेस ना, 'आलंच हं, आलंच.' त्यानेच डोळा लागतो माझा."

थोरलीने ओठ घट्ट मिटले. घरापर्यंत ते तसेच मिटून ठेवले. जिन्याशी मास्तर समाधानाने म्हणाले, "बघ, म्हणालीस आणि आलंच."

तिने यार्डवाल्याला फोन लावला.

"त्या बाई कोणाला दवाखान्यात न्यायच्या?"

"आईला. म्हातारीला भान नव्हतं म्हणे, चालत्या गाडीत दार उघडू बघायची. का हो, त्रास देतेय का गाडी?"

"मग आई गेल्यावर विकली का?"

"तसं नाही. आईच्या आधी त्याच गेल्या."

पुढचं विचारायला थोरलीची जीभ रेटेना. विचारून करणार काय होती? गाडी परत केली तर परवा मास्तरांना नेणार कोण? त्या रात्री तिने ताटातला घास चिवडला आणि मास्तरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. या जेवणाच्या बदल्यात सीट पुढे सरकत असेल तर सरकू दे, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने आरसा सरळ करणं सोडून दिलं.

शोरूमचा फोन आला तेव्हा ती दवाखान्याच्या आवारात होती. मास्तर आत. टळटळीत दुपार.

"मॅडम, एकाने नंबर सोडला. तुमची गाडी लवकर आलीय. उद्या घेऊन जा."

थोरलीला एकदम रडू फुटलं. सुटलो, असं तिने मोठ्याने म्हटलं, आणि म्हटल्यावर उगीच इकडेतिकडे बघितलं. आवारात एक पंखा दुरुस्त करणारा आणि झाडाखाली डुलक्या काढणारा पहारेकरी, बस.

मग तिने गाडी रिकामी करायला घेतली. मागची उशी, पाण्याची बाटली, मास्तरांची चित्रांची वही. वही सीटखाली गेली होती, म्हणून ती आत वाकली. खांद्यातून एक कळ कोपरापर्यंत उतरली. जरा टेकावं म्हणून ती मागच्या सीटवर बसली. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, तिने दार ओढून घेतलं.

सीट उबदार होती.

इतक्या दिवसांत ती इथे पहिल्यांदाच बसत होती. तिला बाबा आठवले, मिटल्या डोळ्यांनी बसलेले, कपाळावर ग्रीसचा डाग. आता देऊनच टाकायची गाडी, आता काय उपयोग, असं म्हणत का होईना, तिने डोळे मिटले. कळ थांबली. फार दिवसांनी अंगातला सगळा शीण गळून गेला. कोणीतरी अगदी जवळून म्हणालं,

"आलंच हं."

तिने डोळे उघडले. आतली मूठ ओढली.

मूठ सैल हलली. दार उघडलं नाही.

दुसरं दार. तेही नाही.

पुढच्या सीटवर चढून जावं म्हणून ती उठू लागली, पण अंग उठेना.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मास्तर येत होते. कोणी धरलेलं नव्हतं. रंग उजळला होता. थोरलीने काचेवर टकटक केली. स्वतःच्या बोटांचा आवाज तिला ऐकू आला नाही.

मास्तरांनी पुढचं दार उघडलं आणि पुढे बसले. अंगावरची शाल काढून न बघता मागे टाकली. रिकाम्या सीटवर पडावी तशी ती पडली, थोरलीच्या मांडीवर.

"झोप लागली होती का गं?" त्यांनी ड्रायव्हरच्या सीटकडे वळून विचारलं.

थोडं थांबून ते हसले. कोणी काही गमतीचं बोलल्यावर हसत तसे.

"बरं बाई, तू म्हणशील तसं. चल, निघूया."

किल्ली थोरलीच्या मुठीत होती.

इंजिन शिवणयंत्रासारखं सुरू झालं. ड्रायव्हरची सीट थोडी पुढे सरकली. मग वरचा आरसा हळूच वळला, आणि तिचा चेहरा त्यात नेमका मावल्यावर थांबला.