दातांच्या दवाखान्यातलं वाचन मंडळ

"पुस्तक चोरीला गेलंय," असं म्हणत डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "आणि चोर माझ्याच वाचन मंडळातला आहे. मेली चार टाळकी आम्ही, त्यातलंही एक चोर!"

भावोजींनी दुरुस्तीला आलेल्या फ्रिजमधून डोकं बाहेर काढलं. पुस्तक? मागे वहिनींकडे हरवलेली मोटार आली होती, त्याआधी पळालेला नवरा. आता पुस्तक! धंद्याला उतरती कळा लागणं म्हणतात ते हेच असावं.

वहिनी म्हणजे भावोजींच्या थोरल्या भावाची बायको. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसतील तर शपथ. दिराच्या दुकानात पार्टिशन घालून त्यांनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं, आणि दिराला विचारलंसुद्धा नाही. आताशा सगळेच त्यांना वहिनी म्हणत.

"मंडळ आधी बंद का पडलं होतं?" वहिनींनी विचारलं.

"प्राचार्यांमुळे. कुठलंही पुस्तक घ्या, हे आधीच वाचून बसलेले. पहिल्याच बैठकीत शेवट सांगून मोकळे! शेवटी आमच्या शिवणकामवाल्या फॅशनबाईंनी एकदा पुस्तक त्यांच्या अंगावर भिरकावलं आणि कारभार आटोपला."

"मग परत सुरू करायची हौस कशाला हो?" भावोजींना राहवलं नाही.

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "दिवसभर माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात. पण बोलत एकही नाही. बोलणार कसं, तोंडात माझीच हत्यारं! घरी गेलं की मी आणि टीव्ही. त्या मंडळात निदान भांडायला तरी माणसं होती. मला ते परत हवंय."

भावोजींनी चहा सांगितला.

पुढची हकीकत ऐकून मात्र त्यांचं डोकं भणभणलं. मंडळ पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि पुस्तक निवडण्यावरून नुसता उच्छाद झाला. प्राचार्यांना तत्त्वज्ञानाचा जाडजूड ग्रंथ हवा. फॅशनबाईंना रडवणारी प्रेमकथा. चौथे मोजणीकाका, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना काहीही विचारा, एकच उत्तर: "काहीही चालेल."

"शेवटी वैतागून मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कुणीच न वाचलेलं एक पुस्तक आणलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "'जगाच्या तळाशी'. दुकानदारानं प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेलं. नकाशाच्या कागदाचं कव्हर, त्यावर शाईनं सुबक अक्षरात नाव. दक्षिण ध्रुवाची सफर वगैरे असणार. बैठकीतच, सगळ्यांसमोर फोडायचं ठरलं. म्हणजे शेवटाची कटकट नको."

"तुम्ही आत डोकावलात?"

"मुळीच नाही. लेखक कोण तेही ठाऊक नाही. पुस्तक दाखवलं त्या दिवशी प्राचार्य चष्मा विसरले होते, म्हणून मोजणीकाकांनी मोठ्यानं नाव वाचून दाखवलं. त्यांनाही सफरीची ओढ वाटली असणार, बराच वेळ हातात धरून बसले होते. मग मी ते बसायच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, दातांच्या साच्यांशेजारी. कुलूप नाही. साचे कोण चोरणार?"

"या आठवड्यात कोण कोण आलं?"

"तिघंही. प्राचार्य दाढ भरायला, फॅशनबाई माझे एप्रन द्यायला, काका नवी कवळी बसवायला. काल बघते तर पुस्तक गायब! आज संध्याकाळी बैठक आहे. पुस्तक नसलं तर प्राचार्य आपला ग्रंथ काढणार, फॅशनबाई उठून जाणार, आणि संपलंच सगळं."

वहिनी आणि भावोजी आधी प्राचार्यांच्या घरी गेले. प्राचार्यांनी दार उघडलं आणि बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात.

"'जगाच्या तळाशी'! अहो, प्रवासवर्णन हे का वाङ्मय? बर्फ, आगबोट आणि खलाशांची पडशी! गेलं ते उत्तम झालं."

"म्हणजे तुमची सोय झाली," वहिनी म्हणाल्या.

"झाली, पण मी केली नाही. मी पुस्तकं वाचतो, पळवत नाही. आणि हे वाचलं असतं तर आतापर्यंत तुम्हाला शेवट सांगितला नसता का?"

हे मात्र भावोजींना शंभर टक्के पटलं.

फॅशनबाईंच्या दुकानात कापडाचे गठ्ठे पडले होते आणि बाई तोंडात टाचण्या धरूनच बोलत होत्या. "मला त्या बर्फात काडीचा रस नव्हता. पण चोरायचंच असतं तर त्या प्राचार्यांचा ग्रंथ चोरून जाळला नसता? हे पातळ होतं, वाचून झालं असतं. एप्रन दिले आणि आले मी."

"कपाटाकडे पाहिलंत?"

"त्या दातांकडे? शी!"

मोजणीकाकांचं घर नीटनेटकं होतं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. "या, या. जरा टेका. थांबा, जागा करतो," म्हणत त्यांनी खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या उचलल्या. टेबलावर पोलादी पट्टी होती आणि तिच्याभोवती कागदाचा बारीक भुसा. भावोजींना सटासट शिंका आल्या.

"जुनं घर. धूळ फार," काका ओशाळून म्हणाले.

"त्या पुस्तकाचं काही कळलं का, काका?"

"'जगाच्या तळाशी'चं? नाही बुवा."

काकांनी तो ज वेगळाच उच्चारला, जेवणातल्या ज सारखा. नवी कवळी तोंडात नीट बसली नव्हती, बिचारे! भावोजींना कणव आली. डॉक्टरीणबाईंच्या हाताला काही यश नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"मग आता मंडळात काय वाचायचं?"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मग खाली बघत म्हणाले, "मी कोण सांगणार."

बाहेर पडल्यावर भावोजी उखडले. "तीन घरं झाली, हाती भोपळा. प्राचार्यच आहेत. तोंडानं कबूलच केलंय, बरं झालं म्हणून."

"भावोजी, तुमचे कान कुठे होते?"

"शिंकत होतो मी!"

"नाक शिंकत होतं. कान मोकळे होते," वहिनी म्हणाल्या आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. वहिनींची ही खोड भावोजींच्या मस्तकात जाई. कळलंय तर सांगून टाकावं माणसानं!

संध्याकाळी दवाखान्यात बसायच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. प्राचार्य ग्रंथ मांडीवर घेऊनच आले. फॅशनबाईंनी तो पाहिला आणि पर्स उचलली. काका कोपऱ्यात पिशवी कवटाळून बसले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता.

"जाण्याआधी एवढं मोठ्यानं वाचा," वहिनींनी एका कागदावर तीन शब्द लिहून पुढे केले. शब्द होते: जगाच्या तळाशी कोण.

प्राचार्यांनी वाचलं. फॅशनबाईंनी वाचलं. डॉक्टरीणबाईंनी वाचलं. तिघांचाही ज एकच, जागेतला. भावोजींना हा पोरखेळ वाटला. कागद काकांकडे गेला तेव्हा काकांनी तो वाचलाच नाही.

"दुपारी काकांनी हाच शब्द वेगळा म्हटला," वहिनी म्हणाल्या. "जेवणातल्या ज नं."

"कवळीमुळे!" भावोजी म्हणाले.

"मग 'जरा टेका' कसं नीट आलं? 'जागा करतो'? 'जुनं घर'? ते तिन्ही ज ठणठणीत होते. बिघडला तो एकच, म्हणजे तो बिघडलेला नव्हता. डॉक्टरीणबाई, त्या दिवशी काकांनी नाव वाचलं तेव्हा?"

"तेव्हा आपल्यासारखंच म्हणाले होते. चांगलं आठवतंय."

"म्हणजे मधल्या दिवसांत त्यांना कळलं की हे जग म्हणजे दुनिया नव्हे. हा पाण्याचा जग आहे."

प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले. "अरे! जग नपुंसकलिंगी आणि जग पुल्लिंगी, पण सामान्यरूप दोन्हींचं 'जगा'! 'जगाच्या' लिहिलं तर फरक कळायचा नाही. वा!"

"आणि तो आत वाचल्याशिवाय कळणार नाही," वहिनी म्हणाल्या. "कव्हर नकाशाचं, म्हणून सगळे बर्फात फिरत होते. पण नकाशाच्या कागदाची कव्हरं कोण घालतं? ज्याच्याकडे असे कागद पडून असतात तो. सुबक अक्षरही मोजणीवाल्याचंच. पुस्तक मुळात काकांच्या घरातलं. आणि टेबलावरचा भुसा धुळीचा नव्हता. जुन्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येत, पट्टीनं कापून उघडावी लागत. ती या आठवड्यात उघडली गेली. म्हणजे इतकी वर्षं पुस्तक घरात होतं, पण वाचलेलं नव्हतं. का पळवलंत, ते मला माहीत नाही, काका."

फॅशनबाईंनी पर्स खाली ठेवली. काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं. अर्ध्या पानांच्या कडा फाटून पिसारलेल्या होत्या, बाकीची अजून मिटलेली.

"हिनं लिहिलंय," काका म्हणाले. "आमच्या हिनं. टोपणनावानं. छापून आलं तेव्हा पहिलं पान उघडून दाखवलं होतं मला. 'मोजणीसाहेबांना, सवड मिळेल तेव्हा.' मी छान म्हटलं, कव्हर घातलं. जगाचा तळ म्हणजे दूरदेशीचं काही असेल, म्हणून नकाशाचं घातलं. आणि ती गेल्यावर रद्दीबरोबर देऊन टाकलं. तुमच्यासमोर ते पान उघडलं असतं. आणि मग तुम्ही विचारलं असतं, कसं आहे पुस्तक?"

भावोजींचा दिवसभरचा वैताग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी त्यांना या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला, आणि तितकीच दया.

"काय आहे त्यात?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून एक बाई पाण्याच्या रिकाम्या जगात तोंड घालून बोलते. तिचं बोलणं तळाशी साचतं. नवरा आहे, सज्जन आहे. अर्ध्या पुस्तकात त्याला दोनच शब्द दिलेत." काका थांबले. "'काहीही चालेल.'"

प्राचार्यांनी ग्रंथ मांडीवरून काढून खुर्चीखाली सरकवला.

"पुढचं माझ्यानं वाचवेना," काका म्हणाले. "तुम्ही वाचणार असाल तर पुस्तक घ्या. चोर म्हणून मला काढायचं असेल तर काढा. पण निदान ऐकू द्या, दाराबाहेर बसतो."

"दाराबाहेर कशाला, इथेच बसा," डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्या आणि पुस्तक घेऊन त्यांनी पहिलं पान उघडलं. अर्पणपत्रिका त्यांनी उलटली, वाचली नाही. मग घसा साफ करून, पाण्याच्या जगातला ज नीट उच्चारत त्यांनी सुरुवात केली.

"'आज मी पुन्हा जगाशी बोलले. शेजारणीनं विचारलं, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, कुणाशी नाही.'"

काकांनी हात वर केला.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. "तेवढं शेवटचं वाक्य. मी घरातच होतो तेव्हा."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वाचलं.