न फिरवलेलं ताट

ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नाही. मी तिथे होते. खरं तर ती माझ्यामुळेच घडली.

मी जोवेलीन. दहावीत आहे. आमचं सांता रोमाना गाव म्हणजे एक चर्च, एक बाजार, एक डांबरी रस्ता आणि बाकी सगळी नारळाची झाडं. रस्ता समुद्राकडून येतो, आमच्या दारावरून जातो, प्रार्थनाघराच्या वळणावर डोंगर चढायला लागतो. दुसरी वाट नाही. हे लक्षात ठेवा.

मार्चमधला शुक्रवार होता. दुपारचे सव्वाबारा. लख्ख ऊन.

जेवायला आम्ही चौघं. नानाय, म्हणजे माझी आई. तिची मोठी बहीण तिया इसिंग. माझा मोठा भाऊ रोडेल; कुया, म्हणजे दादा, म्हणते मी त्याला. आणि मी, मधल्या सुट्टीत शाळेतून धावत आलेली. शुक्रवारी मांस नाही, म्हणून मुगाची आमटी. सोबत सुकी मासळी, आणि कुयाच्या समोर व्हिनेगरची वाटी. त्याला मासळी व्हिनेगरमध्ये बुडवल्याशिवाय घास उतरत नाही.

मी त्या दिवशी जरा हवेतच होते. आदल्या दिवशी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. दोन वर्षांपूर्वी वर्गात नाव पुकारलं तरी मी बाकावरून उठायचे नाही. आणि आता पदक. विषय होता अंधश्रद्धा. परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी पदक घालूनच जेवायला बसले होते.

"आमटीत बुडेल ते," तिया इसिंग म्हणाली.

"बुडू दे. खरं सोनं असेल तर कळेल तरी," कुया म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई. त्यांनी नुकताच आमच्या ओसरीवर आणून ठेवलेला लसींचा डबा डोंगरावरच्या वस्तीत पोचवायचा होता, त्यातला बर्फ वितळायच्या आत. कुया मोटारसायकलवर माणसं, पोती, डुकराची पिल्लं, सगळं पोचवतो. अर्ध्या ताटावरून उठला. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून तो भिंतीवर चार्जिंगला लावून ठेवला.

आता आमच्याकडची रीत सांगते. जेवताना मधेच कोणी उठून प्रवासाला निघालं, की मागे बसलेल्या प्रत्येकाने आपलं ताट जागच्या जागी एक पूर्ण फेरा फिरवायचं. म्हणजे गेलेला माणूस सुखरूप परत येतो. सगळेच करतात. मास्तरसुद्धा करतात.

नानायने ताट फिरवलं. तियाने फिरवलं.

मी दोन्ही हातांनी माझं ताट घट्ट धरून ठेवलं.

"फिरव," नानाय म्हणाली.

"पत्र्याचं ताट आहे, नानाय. स्टिअरिंग नाही."

"जोवेल. फिरव."

"कालच्या भाषणात मी सगळ्यांसमोर सांगितलं की या गोष्टींना अर्थ नाही. आज घरी येऊन ताट फिरवू? मग पदक परत देते."

कुया दारात हसत उभा होता. "राहू दे गं. घरात वकीलबाई जन्मली आहे. फी द्यायला येतोच मी संध्याकाळी."

तो अंगणात गेला. त्याची गाडी तिसऱ्या किकलाच सुरू व्हायची. आणि सायलेन्सर तारेने बांधलेला, त्यामुळे आवाज अख्ख्या गावाच्या ओळखीचा.

एक किक. दोन. तीन.

पट्-पट्-पट्… फाटकातून बाहेर, प्रार्थनाघराच्या वळणापर्यंत, आणि मग डोंगराने आवाज गिळला.

नानायने माझ्याकडे न बघता कुयाचं अर्धं ताट झाकून ठेवलं. ते मला झोंबलं. मी उठले, ताट मोरीवर नेलं आणि खसाखसा घासून पालथं घातलं.

"धुतलंस?" तिया इसिंग एकदम म्हणाली. "अगं, धुवायच्या आत तरी फिरवता आलं असतं."

मी आरशासमोर जाऊन केस विंचरायला लागले.

आणि मागून…

एक किक. दोन. तीन.

मला वाटलं, कुया काहीतरी विसरला म्हणून परत आलाय. पण येतानाचा आवाज कुठे ऐकला? गाडी सुरू झाली. फाटकातून गेली. वळणापर्यंत गेली. विरली.

मी खिडकीतून पाहिलं.

अंगण रिकामं. फाटकाला आतून कडी.

दहा मिनिटं गेली असतील.

एक किक. दोन. तीन.

या वेळी मी अंगणातच उभी होते. आवाज माझ्यापासून चार हातांवर झाला. पेट्रोलचा वास आला. कोंबड्या बाजूला पळाल्या, गाडी आल्यावर पळतात तशाच. आवाज माझ्या अगदी जवळून गेला… आणि धूळ उडाली नाही.

मी वळून पाहिलं तर नानाय दारात. हात साबणाचे. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

"तो परत येतच नाहीये," ती अगदी हळू म्हणाली. "नुसता जातोय."

मी शाळेत गेले नाही.

दोन वाजता कुयाचा फोन भिंतीवर थरथरला. नर्सबाई. "रोडेलने डबा नेला ना? वस्तीवर अजून पोचला नाही म्हणतात. बाळं रांगेत आहेत."

मी धावतच वळणावर गेले. तिथे मांग दोमिंगचं, म्हणजे दोमिंगकाकांचं, दुकान. म्हातारबुवा दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसलेले असतात.

"मांग दोमिंग, कुयाला जाताना पाहिलंत?"

"पाहिलं की. हात करून करून खांदा दुखला माझा."

"किती वेळा गेला?"

त्यांनी बोटं मोजली. हसत होते. मोजता मोजता हसू गेलं.

"सात," ते म्हणाले. "सातही वेळा वर जातानाच."

"आणि खाली येताना?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग उठले, दुकानाची फळी लावली आणि देवाच्या तसबिरीपाशी मेणबत्ती पेटवली. भर दुपारी. 

गावातली चार-पाच मुलं दोन गाड्या घेऊन डोंगरावर शोधायला गेली. दरीत पाहिलं, ओढ्यात पाहिलं. वस्तीपर्यंत जाऊन आली. कुठे घसरल्याची खूण नाही. त्यातला एकजण म्हणाला, वर जाताना मागून सारखा रोडेलचा सायलेन्सर ऐकू येत होता. थांबलं की थांबायचा.

घरी अंगणात आवाज चालूच होता. दर वेळी तीन किक. पण आता दोन आवाजांमधला वेळ वाढत चालला होता. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग पाऊण तास. आणि आवाज… बारीक होत होता. जुन्या रेडिओसारखा.

नानाय ओसरीवर बसून जपमाळ ओढत होती.  मला रागावली असती तर बरं झालं असतं.

"तिया, काहीतरी सांग," मी म्हणाले. माझं पदक अजून गळ्यातच होतं. मी ते काढून खिशात कोंबलं. "मी काय करू?"

तिया इसिंगने मोरीवरचं माझं ताट उलटंसुलटं करून पाहिलं. "धुतलेलं ताट परत फिरवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण बस. तेच ताट, तेच जेवण, तीच जागा. तो निघाला की फिरव. पूर्ण फेरा, जोवेल. मधे हात सोडू नकोस."

साडेपाच वाजले होते. ऊन पिवळं झालं होतं. मी माझं ताट घेतलं. त्याच्या काठाचा एक टवका उडालेला आहे, म्हणून ते माझं. टवका मी माझ्या बाजूला ठेवला. भात वाढला, दुपारची आमटी वाढली. कुयाचं अर्धं ताट नानायने झाकून ठेवलं होतं, ते त्याच्या जागी मांडलं. तिघी बसलो.

वाट बघितली.

घड्याळ ऐकू येत होतं. मग तेही ऐकू येईना.

मग अंगणात…

एक किक.

बराच वेळ काही नाही.

दोन.

मी दोन्ही हातांनी काठ धरला. तिसरी किक येईच ना. नानायच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

तीन.

मी ताट फिरवायला लागले. ते हलेना. भाताचं ताट, किती जड असणार? जणू समोरून कोणीतरी काठ धरला होता. मी सगळा जोर लावला. टवका हळूहळू सरकला. उजवीकडे गेला. पुढे गेला. समोर पोचला, कुयाच्या जागेकडे…

आणि वळणाकडून आवाज आला. पट्-पट्-पट्. जवळ येणारा. दिवसभरात पहिल्यांदा, जवळ येणारा.

"आला," मी म्हणाले आणि उठून धावले.

मी हात सोडला होता.

कुया फाटकातून आत आला. अंगावर ओरखडा नाही. नानायने त्याला इतकं घट्ट धरलं की तो गोंधळला.

"काय झालं? आत्ता तर गेलो. वळणावरच पेट्रोल संपत आलं म्हणून परत आलो."

सकाळीच त्याने टाकी भरली होती. आम्ही डबा उघडला. साडेपाच तास उन्हात फिरलेला डबा. बर्फाचा एक कणही वितळला नव्हता.

मी आत गेले. माझं ताट तसंच होतं. टवका समोर. अर्धाच फेरा.

मी ते हळूच उचलून मोरीवर ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

याला आता सात आठवडे झाले. आमच्या घरात पूर्वीसारखीच चार माणसं जेवतात. नानाय खूश आहे. तिया इसिंग मात्र कुयाच्या शेजारी बसायची, ती आता माझ्या शेजारी बसते.

कुया चांगला वागतो. मला वकीलबाई म्हणत नाही, एवढंच. मासळी कोरडीच खातो. व्हिनेगरची वाटी नानाय रोज ठेवते आणि रोज भरलेली उचलते. त्याची गाडी आता पहिल्याच किकला सुरू होते.

आणि तरी रोज दुपारी, सव्वाबाराच्या सुमाराला, कुया आमच्यासमोर जेवत असताना, गाडी ओसरीला टेकवून उभी असताना, अंगणात…

एक किक. दोन. तीन.

फार बारीक. कान देऊन ऐकलं तरच.  नानाय ताट फिरवते. तिया फिरवते. मी तर पूर्ण फेरा फिरवते, टवका परत माझ्यापाशी येईपर्यंत, हात न सोडता. रोज. पण रोज कोणीतरी समोरून धरल्यासारखं ताट जड लागतं. आणि आवाज वळणापर्यंत जातो आणि विरतो.

इतके दिवस मी फिरवताना माझ्या ताटाकडेच बघायचे.

काल मान वर केली.

कुया जेवायचा थांबला होता. माझ्याकडे बघत होता, शांतपणे. आणि त्याने त्याचं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.