परसदारची हाक

त्या वर्षी दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती, म्हणून आमच्या अमरावतीत कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. रस्त्यात नुसत्या गाड्याच गाड्या. त्यातल्या एकीखाली मी जाणारच होते... गाडीवानानं उडी टाकून मला बाजूला ओढलं. तो रागानं बरंच बोलत होता. मला फक्त हलणारे ओठ दिसत होते. मी कानाकडे बोट दाखवलं, तसा तो गप्प झाला. मेले डोळे मात्र बोलतच राहिले.

तो चंद्रभान. आमच्यातलाच. पुढे आमच्याच घरचा कापूस न्यायला येऊ लागला. माझ्यासमोर मुद्दाम काहीबाही पुटपुटायचा आणि मी भुवया उंचावल्या की हसायचा.

मी तरुणपणीच विधवा झालेली. अकोल्याच्या नत्थुजींशी माझा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरला होता. मळा, विहीर, सगळं होतं त्यांच्याकडे. पण मी बहिरी झाल्याचं कळलं आणि त्यांनी पाय मागे घेतला. आईनं कानात गरम तेल ओतलं, काड्या घातल्या. कान आणखीच गच्च झाले. खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. चांगल्या मुलीला गाडीवानाच्या घरी कोणी दिलं नसतं, बहिरीला दिलं असतं.

पण चंद्रभाननंच आईला गळ घातली आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. कानात मळाचे खडे झाले होते, काड्यांनी आत ढकललेले. डॉक्टरांनी आधी काही दिवस तेलाचे थेंब दिले, मग पिचकारीनं कोमट पाणी सोडलं. काळा गोळा भांड्यात पडला... आणि बाहेरच्या बैलांच्या घुंगरांनी मी दचकले.

आई डॉक्टरांशी बोलत होती, तेवढ्यात मी त्याला गाठलं.

"अकोल्याची सोयरीक आता जुळते. तुमाले ठाऊक नोतं?"

"होतं."

"मंग काहून आणलं?"

"गाडी मांगून आली तरी तुले समजत नोतं, जमुना. मी रोज थोडीच रायतो तिथं..."

त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला रडू आलं.

आईनं अकोल्याला निरोप धाडला आणि लवकरच नत्थुजींची आत्या, माणिकबाई, कान पारखायला आली. मी मनाशी ठरवलं — बहिरीच राहायचं. तिच्याकडे पाठ करून सरकी निवडत बसले. तिनं हाका मारल्या, परात आपटली. मी मान हलवली नाही. घरी तर चांगलं ऐकते हो, असं म्हणत आई रडकुंडीला आली. माणिकबाई जायला उठली. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात परसदारातून, आत कोण आहे हे न पाहताच, कोणीतरी हळूच म्हणालं,

"जमुना... मी चाललो."

मी वळले.

चंद्रभान उंबऱ्यापाशी उभा होता. त्याला माणिकबाई दिसली, आणि माझा चेहरा पाहून सगळं समजलंही.

"आयकू येते की पोरीले," माणिकबाई म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.