चौथ्या कॅमेऱ्याचं चित्र

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मागाहून दार लावायला सोबत मागू नका. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या रोजच्या बसण्या-उठण्यातला. कॅमेरे बसवतो. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. त्याच्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला.

"गोदामातला चौथा कॅमेरा घरच्या टीव्हीवर सारखा अडकतोय. चित्र जाडंभरडं चालेल, पण थांबायला नको. रात्रीच अडकतं, तेव्हा आत्ताच जाऊन ये."

दाजींच्या त्या गोदामावर रखवालीला याचेच वडील होते. घरचा माणूस, म्हणून विश्वास पूर्ण आणि पगार निम्मा! कॅमेरे लेकानंच बसवले होते आणि बजावलं होतं, "बाबा, काही झालं तर खुर्चीसमोरच्या चौथ्यापुढे हात हलवा. दाजी घरी बघत असतात." महिन्यापूर्वी म्हातारा खुर्चीतच गेला. झोपेत गेले, असं दाजी म्हणाले. लेकानं तेवढ्यावर मनाची समजूत घातली होती.

तो गोदामाच्या ऑफिसात बसला. कॅमेऱ्यांची चित्रं दाजींच्या घरी पाठवणारा सर्व्हर उघडला. सेकंदाला पंचवीस चित्रं जात होती, ती त्यानं पाच केली. आकडा परत पंचवीस. पुन्हा पाच केली. पुन्हा पंचवीस.

"भलताच हट्टी आहेस की," म्हणत त्यानं आकडा एकावर आणला.

तो टिकला.

आता चित्र धक्क्याधक्क्यानं सरकू लागलं. रिकामी खुर्ची. मग खुर्चीमागे कुणीतरी. मग खुर्चीपुढे. दोन्ही हात वर. मग आणखी जवळ...

त्यानं काचेतून बाहेर पाहिलं. खुर्ची रिकामी.

पडद्यावर बाबा.

त्यानं फोन लावला. "दाजी... टीव्हीवर काय दिसतंय?"

पलीकडे रिमोटची बटणं खटाखट दाबल्याचा आवाज.

"दाजी?"

"टीव्ही बंद होत नाहीये रे... त्या रात्री लगेच झाला होता."

"कुठल्या रात्री?"

"...हात हलवत होते. मला वाटलं, चहा हवा असेल. थंडी होती. उठायचा कंटाळा आला..."

पडद्यावर आता फक्त तळवे होते. मग तेही नाहीत.

पोरांनो, परक्यानं दगा दिला तर माणूस शिव्या तरी देतो. हा तिथेच बसून ढसाढसा रडला. ज्याच्या भरवशावर बापाला तिथे बसवलं, त्यानंच तोंड फिरवलं होतं. बहिणीला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं सांगितलं नाही. दाजी तर सांगणारच नव्हते.

दुसऱ्या दिवशी टीव्ही पुसताना तिला काचेवर दोन तळवे दिसले. फडक्यानं जाईनात. काचेच्या आतल्या बाजूनं उमटले होते. दाजी टीव्ही टाकून द्यायला निघाले, तर ती आडवी आली. कुणाचे हात, ते तिला विचारावं लागलं नाही.

अजून टीव्ही तिथेच आहे. संध्याकाळ झाली की ती पुढ्यात बसते, त्या तळव्यांवर आपले तळवे टेकवते... आणि नवऱ्याकडे बघत राहते.