टोचलेली अक्षरे

आमच्या सहलीत आठच माणसे असतात. नवव्याला जागा नाही, असे जाहिरातीत ठळकपणे छापलेले असते आणि त्या न आलेल्या नवव्याच्या हिरमोडावरच हा व्यवसाय उभा आहे. कुणाला फारशी ठाऊक नसलेली, शहराबाहेरची जुनी घरे आम्ही दाखवतो. परतण्यापूर्वी प्रत्येक पाहुण्याने स्मरणवहीत एकच वाक्य लिहायचे: आज काय लक्षात राहिले. गाईडने त्यात दुरुस्ती करायची नाही, असा नियम आहे.

ती गाईड मी. त्याआधी वीस वर्षे विद्यापीठात होते. माझा प्रबंध तिथल्या एखाद्या कपाटात अजून असावा. वाळवीची रुची आमच्या परीक्षकांपेक्षा व्यापक असते.

प्रबंध याच घरांपैकी एकावर आहे. टेकडीच्या उतारावरचे, राखाडी दगडाचे दुमजली घर. वरच्या उत्तरेच्या खोलीत वाळवलेल्या वनस्पतींचे एकतीस गठ्ठे आहेत. प्रत्येक कागदावर बारीक टाक्यांनी शिवलेले एक रोप आणि कोपऱ्यात जांभळ्या शाईतली चिठ्ठी: रोपाचे नाव, सापडल्याची जागा, ऋतू, मातीचा वास. मालकाने हे सारे स्वतःच्या नावावर छापून कीर्ती मिळवली. प्रत्यक्षात ते काम त्याच्या मोलकरणीचे होते, हे सिद्ध करण्यात माझी अकरा वर्षे गेली. पुरावा एकच होता, तिचे हस्ताक्षर. लिहायला ती चोरून शिकली होती. म्हणून तिची प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली घसरते, दाराकडे कान ठेवून लिहिणाऱ्याची घसरते तशी. "एका मोलकरणीसाठी एवढा खटाटोप?" असे परीक्षकांनी विचारले होते.  काही प्रश्नांना पदवी असते, अर्थ नसतो.

तिची पणती हयात आहे. निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मी त्यांना मावशी म्हणते. घर सोडल्यानंतर पणजीने लिहिलेले एक पत्र त्यांच्यापाशी होते. "त्या घरात उभं राहून, चारचौघांत कुणीतरी तिचं नाव घ्यावं," त्या म्हणत. "तेवढं ऐकलं की मी जायला मोकळी. तसंही आमचे गुडघे आधीच पुढे निघालेत." मी त्यांना शब्द दिला होता.

आमचे साहेब मात्र चिंतेत होते.

"मॅडम, पालापाचोळा ऐकायला कोण येतं? डोळ्यांत पाणी आलं पाहिजे हो लोकांच्या. मालकीणबाईंचं काहीतरी सांगा की."

"त्यांच्याविषयी काहीही उपलब्ध नाही."

"मग तर सोपंच झालं!"

रागाच्या भरात सामान्य माणूस शिव्या देतो. मी, शिक्षणाचा परिणाम म्हणून, इतिहास रचला. त्या मंगळवारी आठ पाहुण्यांना उत्तरेच्या खिडकीपाशी उभे करून मी सांगितले की मालकीणबाईंची दृष्टी तरुणपणीच गेली. त्या इथे बसून बोटांनी रोपे ओळखत आणि कागदावर सुईने अक्षरे टोचत. सात वर्षांत त्यांच्या कोपराने ही दगडी चौकट झिजली. चौकट सपाट होती. शाई समोर दिसत होती. कुणीतरी हरकत घेईल, मग मी त्याला खरे ते सांगेन, असा माझा डाव होता.

कुणी हरकत घेतली नाही. दोघींनी डोळे पुसले. आठही जणांनी वहीत मालकीणबाईंविषयीच लिहिले.

पुढच्या खेपेला चौकटीत खळगा होता.

तो उथळ, गुळगुळीत आणि थंड होता. मी त्यात कोपर ठेवून पाहिले. ते नीट बसले नाही. खळगा माझ्यापेक्षा लहान चणीच्या बाईचा होता. घराच्या किल्ल्या सांभाळणारे काका दारात उभे होते.

"काका, हा कधी पडला?"

"काय मॅडम, सकाळी सकाळी गरिबाची फिरकी घेता! मालकीणबाईंचं कोपर ते. माझ्या बापाच्या वेळेपासून आहे. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना."

दगड मऊ असेल, खळगा आधी माझ्या पाहण्यात आला नसेल, असे मी स्वतःला समजावले. मूर्खपणालाही तळटीप लागते, ती मी दिली. मात्र त्या दिवसापासून ती थाप सांगणे बंद केले. त्याने काही फरक पडला नाही. पाहुणे वही चाळत, खिडकीपाशी स्वतःच थांबत, एकमेकांना सांगत आणि खाली येऊन तेच लिहीत.

महिन्याभरात चिठ्ठ्यांवरची जांभळी शाई फिकी पडू लागली. कागद तिरपा धरला की अक्षरांच्या जागी छिद्रांच्या रांगा दिसत. रांगा अगदी सरळ होत्या. शेवटाकडे एकही घसरत नव्हती.

घरी येऊन मी नऊ वर्षांपूर्वी काढलेली छायाचित्रे पाहिली. त्यांतही छिद्रेच. प्रबंधाच्या माझ्या प्रतीतील चौथे प्रकरण, जे पूर्ण तिच्यावर होते, ते आता 'इतर नोकरवर्ग' या मथळ्याखाली दीड पानात आटोपले होते. भाषा माझीच होती. शैली, दुर्दैवाने, चांगली होती.

मी मावशींना फोन केला.

"पणजीचं पत्र आहे ना जागेवर?"

"आहे की. वाचू?" कागदाची सळसळ ऐकू आली. "'रोपांना नावे मी दिली. छापून नाव त्यांचे आले. असू दे, रोपांना ठाऊक आहे.' काय गं, रडतेस की काय?"

"मावशी, या शुक्रवारी या. पत्र घेऊन या. मी सगळ्यांसमोर वाचते."

शुक्रवारी त्या इस्त्रीची सुती साडी नेसून आल्या. पर्स छातीशी धरली होती. जिना चढताना प्रत्येक पायरीला थांबून म्हणाल्या, "पणजी रोज बादल्या घेऊन चढायची हं. आणि मला नुसती पर्स जड झालीये!" बरोबरचे सात जण हसले. मीही हसले.

उत्तरेच्या खोलीत शिरलो तेव्हा माझ्या लक्षात आले. या उंबऱ्याच्या आत कधीच न आलेला पुरावा एकच उरला होता. तो आत आणायला मीच सांगितले होते.

"मावशी, आपण आधी खाली जाऊ."

"आता? एवढं चढून?"

त्यांनी पर्स उघडली होती.

मी घाईने बोलायला लागले. हे एकतीस गठ्ठे मोलकरणीने केले, मालकाने नव्हे, मालकीणबाईंनी तर नव्हेच. ती गोष्ट मी रचली होती. मी पणजीचे नाव घेतले. मोठ्याने, दोनदा.

पाहुणे संकोचून खिडकीबाहेर पाहू लागले.

"असं काय बोलता मॅडम?" मावशी म्हणाल्या. मॅडम. आवाज शाळेतला होता, चुकलेल्या मुलीला सांभाळून घेणारा. "माझ्या पणजीला कुठलं लिहिता येतंय? हे घ्या, बघा."

पत्राचा कागद कोरा होता. उजेडात धरला तेव्हा भोके दिसली.

"द्या इकडे. तुम्हाला जमायचं नाही."

त्यांनी डोळे मिटले. तर्जनी कागदावरून सरकू लागली, न अडखळता, लहानपणापासूनची सवय असावी तशी.

"'ही बाई माझ्याकडे नऊ वर्षे कामाला होती. स्वच्छ आहे. प्रामाणिक आहे. लिहिता-वाचता येत नाही. कामावर ठेवण्यास हरकत नाही.'"

त्यांनी डोळे उघडले. ते भरून आले होते.

"बघा, डोळ्यांनी दिसत नसताना एका मोलकरणीसाठी एवढा खटाटोप. केवढ्या मोठ्या मनाच्या!"

कुणीतरी हलकेच टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

मी पणजीचे नाव पुन्हा घ्यायला गेले. तोंड उघडले. नाव आठवले नाही.

खाली सगळ्यांनी वहीत लिहिले. मावशींनी सर्वांत जास्त वेळ घेतला.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. आभार मानतील असे वाटले. त्यांनी माझा तळहात उलटला आणि त्यावरून तर्जनी फिरवली, मनगटापासून बोटांपर्यंत, ओळीमागून ओळ. मग मायेने हसल्या.

"चांगलं लिहिलंय हो तुमच्याबद्दल," त्या म्हणाल्या. "कधीपासून कामाला ठेवलंय तुम्हाला बाईंनी?"

मी त्या पहिल्या थापेच्या मंगळवारची तारीख सांगितली. आठवावीसुद्धा लागली नाही.