केळीखालची निळी गादी

"थांब, थांब! ते बघ!" हर्षल ओरडला आणि त्याने सायकल थेट केळीच्या बागेच्या कुंपणात घातली.

मागे बसलेल्या भूमिकाने टुणकन उडी मारली म्हणून वाचली. उड्या मारण्यात तिचा हात अख्ख्या गावात कुणी धरू शकत नव्हतं. पाचवीतली पोरगी, पण सातवीतल्या मुलांपेक्षा उंच उडायची! सुट्टी संपली की बुऱ्हाणपूरला उंच उडीची जिल्हा निवड होती, आणि तिला जायचं होतं. पण पोळ्याच्या वेळी शाळेच्या टणक अंगणात ती मनगटावर पडली होती. प्लॅस्टर निघालं, तरी तिची आई मालूबाई एकच घोकत होती, "खाली मऊ गादी असेल तर उडी. नाहीतर उडीचं नाव काढू नको!"

गादी होती हो! यंदा शाळेला फक्त खेळांसाठी म्हणून वेगळे पैसे आले होते. त्यातून दोन जाडजूड निळ्या गाद्या आल्या. टेम्पोतून उतरल्या त्या दिवशी पोरांनी त्या डोळे भरून पाहिल्या, बस तेवढ्याच! मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी त्या स्टोअरमध्ये कुलूपबंद केल्या. का, तर तपासणीला साहेब येतील तेव्हा त्या कोऱ्या करकरीत दिसल्या पाहिजेत.

"काय बघू? केळीच तर भरतायत," भूमिका म्हणाली.

"घडांच्या खाली बघ ना यार!"

कापलेल्या घडांना डाग पडू नये म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाली पाला नाहीतर जुन्या गोधड्या अंथरतात. आज पाल्याखालून एक निळा कोपरा डोकावत होता.

"निळी गोधडी असेल."

"गोधडीवर शाळेचं नाव असतं का गं?"

ट्रॉलीत उभे होते दगाकाका, शाळेचे चपराशी! स्टोअरची किल्ली त्यांच्याच कनवटीला. एकेक घड ते लेकराला निजवावं तसा गादीवर ठेवत होते.

"मी आत्ताच विचारते!"

"आणि ते म्हणाले, ही माझीच, तर? सरांकडे चल!" बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातून दिवाळीला मावशीकडे, म्हणजे भूमिकाच्या घरी आलेल्या हर्षलचं डोकं असल्या वेळी भलतंच चालायचं.

सर ऐकेनात. "दगा? शक्यच नाही! वीस वर्षांचा विश्वासाचा माणूस आहे तो."

"मग सर, आज चारला तुम्ही स्टोअर उघडणार, एवढंच त्यांना सांगू?" हर्षलने साळसूदपणे विचारलं.

"सांगा! आणि मी खरंच उघडणार!"

निरोप पोचला. सर आणि दोघं भावंडं तीनलाच येऊन वर्गाच्या खिडकीमागे दबा धरून बसले. साडेतीनला ट्रॅक्टर धडधडत आला. दगाकाका एक गादी डोक्यावर घेऊन धावत सुटले. गादी एवढी मोठी, की समोरचं काही दिसेना. सर बाहेर येऊन वाटेत उभे राहिले, तर ते सरळ त्यांच्यावरच येऊन आदळले!

"दगा!"

"अरे बाप रे! सर, तुम्ही तर चारला..."

"चोरी करतोस? शाळेच्या पोरांच्या वस्तूची?"

दगाकाकांचा चेहरा पडला. "चोरी नाही सर, देवाशपथ! फावल्या वेळी केळी भरायला जातो, माल भरला की रोज परत ठेवत होतो. चार महिने झाले. तुम्ही एकदा तरी कुलूप काढून पाह्यलं का? मला वाटलं, कुणाच्याच कामाची नाही."

समोर भूमिका उभी होती. डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होती, सवयीने. सरांची नजर तिथेच खिळली.

"ही पडली तेव्हा गादी इथेच होती," ते हळूच म्हणाले. "दहा पावलांवर. दगा, तू चुकलास. पण कुलूप मी घातलं. पोरांसाठी आलेली वस्तू मी साहेबांसाठी जपत बसलो." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माफ कर मला."

भूमिकाला एकदम रडूच आलं. "सर, असं नका ना म्हणू!"

दोन्ही गाद्या अंगणात पसरल्या. त्यांच्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. दगाकाका ओशाळून फडक्याने घासू लागले, पण चीक कसला निघतोय!

"राहू दे रे. पोरांनी उड्या मारून आणखी मळवू देत. फाटल्या तर पुढच्या पैशांतून नव्या आणू. खेळाचे पैसे खेळातच झिजले पाहिजेत," सर म्हणाले. "आणि किल्ली आजपासून भूमिकाकडे!"

तेवढ्यात मालूबाई धापा टाकत आली. लेक शाळेत उडी मारणार, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलंच होतं! तिने गादी आधी हाताने दाबली. मग चप्पल काढून वर चढली आणि दोन वेळा चांगली नाचून पाहिली. पोरं खो खो हसली.

"मालूबाई, लेक आणि भाचा दोघंही हुशार हो तुमचे!" सर म्हणाले. "आमच्या चुका त्यांनी निस्तरल्या."

"ते राहू द्या सर. दोरी धरा!"

दोरीचं एक टोक सरांनी धरलं, दुसरं दगाकाकांनी. भूमिका लांब गेली, वळली आणि धावली. धप्प!

"पार! पार झाली!" हर्षल नाचायला लागला. दगाकाकांनी डोळे पुसले. भूमिका गादीवर उताणी पडून हसत होती. मनगटाला काही म्हणता काही झालं नव्हतं!

"आई, पाह्यलं का गं?"

मालूबाई दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून उभी होती.

"पुन्हा मार बाई," ती म्हणाली. "मघाशी भीतीने माझे डोळेच मिटले होते."