दोन ठिपके, एक रेघ

इरा दूध पिताना आईकडे पाहत नव्हती.

ऋजुताला आधी त्याचं काही वाटलं नाही. पाच महिन्यांचं मूल, कुठेही बघतं. पण सलग तीन दिवस इराची नजर एकाच जागी खिळून राहत होती, दारामागे अडकवलेल्या कापडी पिशवीवर. ऋजुता कूस बदलून बसली, तरी इरा मान वाकडी करून, तोंडातलं दूध ओघळू देत तिकडेच वळायची. पिशवीवर नागपुरात भरणार असलेल्या सप्तखंड क्रीडामहोत्सवाचं बोधचिन्ह छापलेलं होतं. ते ऋजुता पांढरीपांडेनेच केलेलं होतं.

म्हणजे सुरुवात तिने केली होती. एकशे बारा देशांच्या या स्पर्धेसाठी तिने झेप घेणारा खेळाडू काढला होता. दोन उंचावलेल्या मुठी आणि खाली ताणलेली पाठीची कमान. मग ते चित्र नेत्रवेधकाकडे गेलं. हे यंत्र चित्र पाहणाऱ्याच्या बुबुळांची हालचाल आणि मेंदूतल्या लहरी मोजायचं, चित्रात केसभर बदल करायचं आणि पुन्हा मोजायचं. ज्या बदलाने नजर जास्त वेळ थांबेल तो ठेवायचा, बाकीचे पुसून टाकायचे. पाच हजार माणसं बसवून चाळीस हजार फेऱ्या झाल्या. शेवटी मुठींचे दोन ठिपके उरले आणि पाठीची एक रेघ. महोत्सवाच्या समितीसमोर ते पडद्यावर आलं तेव्हा कुणाची नजर त्यावरून हलेना. ऋजुताला वाटलं होतं, यापुढे आपण काही केलं नाही तरी चालेल.

तिने पिशवी कपाटात टाकली. इरा रडरड रडली आणि दमल्यावर कपाटाच्या बंद दाराकडे बघत बसली. ऋजुताने आपला चेहरा तिच्यासमोर नेला, हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या. इराने मान बाजूला काढून तिच्या कानाजवळून पलीकडे पाहिलं. आड आलेल्या खांबाला टाळून माणूस पुढचं बघतो, तसं.

तिचा नवरा तन्मय म्हणाला, डोळे तपासून घेऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इराला घेऊन बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बोबडेबाईंकडे गेली. बाहेरच्या खोलीत चार बायका आपापली तान्ही बाळं घेऊन बसल्या होत्या आणि खोलीत कसलाच आवाज नव्हता. चारही बाळं समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, महोत्सवाच्या समितीने फुकट वाटलेला. त्याच्या माथ्यावर वीतभर दोन ठिपके आणि एक रेघ.

"इथं आलं की कसा शहाण्यासारखा राहतो बघा," शेजारची बाई कौतुकाने म्हणाली. "घरी तर माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही."

ऋजुताने इराचे डोळे हाताने झाकले. बोबडेबाईंनी तपासून सांगितलं, की डोळे उत्तम आहेत. मग त्या म्हणाल्या, की या महिन्यात ही तक्रार घेऊन येणारी ती सातवी आई.

नेत्रवेधक घडवणारा हर्षल देवतळे तिच्याबरोबर दोन वर्षं काम करत होता. ती तिथून थेट त्याच्याकडे गेली. तो ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"बाळ जन्माला येतं ते एक ढोबळ साचा घेऊन," तो म्हणाला. "दोन ठिपके, खाली काहीतरी. त्या साच्यात हळूहळू आईचा चेहरा बसतो. आपल्या मेंदूत तो केव्हाच बसलाय, म्हणून आपण चिन्हावर थोडं थबकतो आणि पुढे जातो. यंत्राने खणत खणत तो साचाच वर काढला, ऋजुता. त्यांना ते आईच्या चेहऱ्याहून जास्त चेहरा वाटतं."

"आणि साच्यात तेच बसलं तर?"

"माहीत नाही. लहान मुलांवर चाचणी घ्यायला परवानगीच नव्हती. पण हे शिकणं पहिल्या वर्षातच होतं, एवढं वाचलंय."

महोत्सवाला अठरा दिवस होते. चिन्ह दुधाच्या पिशव्यांवर, बसवर, लंगोटांच्या पुड्यांवर, एकशे बारा देशांत पोचलं होतं. समितीचे सचिव वानखडे साहेब तिच्याशी अतिशय सौजन्याने बोलले. पुरावा आणा, तज्ज्ञांची समिती नेमू, महोत्सवानंतर पाहू. बोलताना त्यांची नजर तिच्यावर नव्हती, टेबलावरच्या चिन्हावर होती. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

गुप्ततेच्या करारावर तिची सही होती. तरी त्याच दुपारी तिने आणि हर्षलने यंत्राच्या सगळ्या नोंदी आणि बोबडेबाईंचं पत्र जगभरच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांना पाठवून दिलं. चार दिवसांत उत्तरं आली. लागोसहून, मनिलाहून, लिमाहून. नऊशे बाळं, मग चार हजार. मग तिने आकडे बघणं सोडलं. पाचव्या दिवशी समितीने चिन्ह मागे घेतलं. ऋजुताला नोटीस आली, हर्षलची नोकरी गेली. पण लोकांनी ते अंगावर गोंदून घेतलं होतं, फाटकांवर रंगवलं होतं. तेवढं कोण पुसणार?

घरात त्यांनी भिंती मोकळ्या केल्या. स्विचबोर्डांची भोकंही ठिपक्यांसारखी दिसतात म्हणून त्यांवर पांढरा कागद चिकटवला. ऋजुता रोज तासन् तास इरासमोर बसायची, एकच गाणं म्हणत, मान हलू न देता. इरा तिच्या पलीकडे बघायची. ऋजुताला आता झोपेतही धडकी भरायची, की हिला आपण कधी दिसणारच नाही.

भिंती मोकळ्या केल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी इराची नजर भटकत आली आणि ऋजुताच्या चेहऱ्यावर थांबली. इरा टक लावून बघत राहिली आणि मग बोळकं पसरून हसली.

तन्मय दारातच खाली बसला, त्याला रडू आवरेना. ऋजुताही हसली, मनापासून. मग तिने गाल फुगवले, डोळे मिटले, ओठ मुडपून घेतले. इराचं हसू तिथल्या तिथे विरलं आणि नजर पुन्हा भिंतीवरून भटकू लागली. ऋजुताने डोळे उघडून ओठ ताणले, तशी नजर परत आली, इरा परत हसली.

सगळीच बाळं असं करतात का? तिला आठवेना. इरा आईला ओळखून हसत होती, की आईच्या चेहऱ्यात तिला दोन ठिपके आणि एक रेघ सापडली होती?